लेंड्यांची वही

पहिल्या पानावर एस्तेरच्या अक्षरात:
'सोमवार. सकाळपासून शून्य.'
खाली एक मांजर काढलंय, उगाच.

खसखस चार आठवड्यांची, एकशे नव्वद ग्रॅम.
एरवी फ्रिजचं दार वाजलं की शिट्टी मारणारी,
आज केस फुलवून, पाठीची कमान करून
खोक्याच्या कोपऱ्यात.

बेहेरे डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप
तिच्या पोटावर टेकवला, डोळे मिटले,
मग तो काढून माझ्या कानांत घातला.
काय ऐकू येतंय?
काहीच नाही.
तेच तर, म्हणाल्या. आतडं सारखं बोलायला हवं,
गिनीपिगच्या पोटाला रविवार नसतो.
खायला काय देता?

एस्तेरनं माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीकडे.

फुटका माल.
दर शनिवारी बेकरीतून घरी येणारा:
मोडकी नानकटाई, खारीचा चुरा, कडा जळलेले टोस्ट.
अठरा वर्षं मैदा चाळतेय मी.
कोंडा गिरणीतच मागे राहतो, त्याची पोती गोठ्यांकडे जातात,
आमच्याकडे येतं ते पांढरंशुभ्र,
बोटांतून निसटणारं,
ज्याला दात लागत नाहीत.
आई म्हणायची, कोंड्याचा मांडा करून खावा माणसानं.
मी मांडा तेवढा ठेवला.
पोरीनं पिल्लाला तोच मायेनं भरवला,
मी पोरीला भरवते तसा.

गवत आणा, वाळलेलं, लांब काडीचं.
आत कोट्यवधी बारके जीव असतात, ते काडीवर जगतात,
ते उपाशी राहिले की पोट आंबतं, फुगतं, थांबतं.
आणि ते जीव पिल्लाला मिळतात
आईच्या लेंड्या खाऊन.
ईऽऽ, एस्तेर म्हणाली.
मग जिना उतरताना, हळू आवाजात:
म्हणून ती आईच्या मागं मागं फिरायची?
आपण तिला लवकर आणलं का गं?

मी उत्तर दिलं नाही. रिक्षा बघत होते.

रात्री नऊला पुण्यात गवत कुठं मिळतं?
कोरेगाव पार्कच्या दुकानात परदेशी पाकीट, आठशे रुपये,
आणि दुकान बंद.
मग घोरपडीहून चालत रेसकोर्सच्या तबेल्यापाशी.
गुलाब मोतद्दार बाजेवर पाय सोडून बसलेला.
किती घोडे तुमचे?
एक. पावशेरापेक्षा कमी.
तो हसला नाही. उठून पेंढीच्या आतून,
जिथं धूळ नाही, बुरशी नाही, तिथून
दोन मुठी उपसल्या, आधी स्वतः हुंगल्या, मग दिल्या.
पैसे घेतले नाहीत. म्हणाला, घोडं पण असंच मरतं, पोटानं.

वानवडीच्या सिमरनच्या घरून
खसखशीच्या आईच्या चार ताज्या लेंड्या आल्या,
एस्तेरच्याच डब्याच्या चटणीच्या कप्प्यात.
पाण्यात कालवून, सिरिंजमधून, थेंब थेंब,
दर दोन तासांनी.
गरम पाण्याची बाटली, त्यावर माझा जुना ब्लाउज.
दोन बोटांनी पोट चोळायचं, गोल, हलक्या हातानं,
पीठ दाबून बघावं तसं.
रेल्वे फाटकाची घंटा वाजली, मालगाडी गेली,
भांडी थरथरली, थांबली.

एकदा वाटलं, संपलं.
एस्तेर भिंतीला टेकून झोपली होती, हातात पेन.

पहाटे तीन चाळीस.
मी तिला उठवलं नाही, वहीत मीच लिहिलं,
माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात:
'एक. तिळाहून जरा मोठी. ओली.'
आणि तळहातावर घेऊन दिव्याखाली बघत बसले,
अठरा वर्षांत एवढ्या बारकाईनं
एकही बिस्किट पाहिलं नव्हतं.

मग कुरतडण्याचा आवाज.
एका लांब काडीचं टोक खोक्याबाहेर हलत होतं,
आत आत जात होतं.

बुधवार: अकरा. गुरुवार: छत्तीस,
पैकी दोन जोडलेल्या, डॉक्टरना विचारायचं.
शनिवारी फुटका माल घरी आला, नेहमीसारखा.
एस्तेरनं खारी खाल्ली, नेहमीसारखी,
पण आधी पिशवी पलंगावर ठेवली, उंचावर.

शेवटच्या पानावर:
'एकशे चार. मग मोजायचा कंटाळा आला.'